बाण, टक्के आणि टिल्ड: आर भाषेतील चिन्हांविषयी वाचकांचे प्रश्न

संख्याशास्त्रीय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या भाषेतील चिन्हांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. उदाहरणांतील चलांची आणि फंक्शनांची नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत लिहावीत. आकडे मात्र आम्ही मुद्दाम 1, 2, 3 असेच ठेवले आहेत, कारण देवनागरी अंक आरला संख्या म्हणून समजत नाहीत.

प्रश्न: आमचे प्राध्यापक चलाला किंमत देताना ‘<-’ हा बाण वापरायला सांगतात. मला ‘=’ लिहिणे सोपे जाते आणि उत्तरही तेच येते. मग बाणाचा आग्रह कशासाठी? (पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: ‘वजन <- 62’ आणि ‘वजन = 62’ या दोन स्वतंत्र ओळींचा परिणाम सारखाच आहे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. फरक दिसतो तो फंक्शनच्या कंसात. ‘मीन(क्ष = वजन)’ असे लिहिले, तर ‘=’ हे चिन्ह काहीही साठवत नाही; मीन या फंक्शनच्या ‘क्ष’ नावाच्या जागी वजन द्यावे, एवढेच ते सांगते. त्याच जागी ‘मीन(क्ष <- वजन)’ असे लिहिले, तर सरासरी तीच मिळते, पण आपल्या कामाच्या जागेत ‘क्ष’ नावाचे एक नवे चल तयार होते आणि त्या नावाचे जुने चल आधीपासून असेल तर त्याची किंमत पुसली जाते. कोणतीही सूचना न देता हे घडते. म्हणून साठवण्यासाठी बाण आणि फंक्शनला माहिती पुरवण्यासाठी बरोबरचे चिन्ह, अशी विभागणी बहुतेक अनुभवी मंडळी पाळतात आणि माझ्या मते ती पाळण्यासारखी आहे.

हा बाण आला कोठून, हे कळले तर त्याचा विचित्रपणा कमी वाटेल. आरची पूर्वज भाषा ‘एस’ ही 1976 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवायला घेतली. 1963 च्या मूळ आस्की या संगणकीय अक्षरांच्या संकेतावलीत डावीकडे वळलेला बाण हे एकच स्वतंत्र अक्षर होते. काही वर्षांतच त्याच्या जागी अधोरेखा आली. त्यामुळे एसमध्ये एके काळी अधोरेखेनेही किंमत देता येत असे, आणि ही सवय सुरुवातीच्या आरमध्येही उतरली होती. पुढे ती काढून टाकण्यात आली आणि 2004 च्या 1.9.0 या आवृत्तीपासून चलांच्या नावांत अधोरेखा वापरता येऊ लागली. ‘=’ ने किंमत देण्याची मुभा आरला 2001 अखेरीस, 1.4.0 या आवृत्तीत मिळाली. थोडक्यात, बाण हा या घराण्याचा मूळ रिवाज आहे आणि बरोबरचे चिन्ह नंतर आलेले.

बाणाच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याचा एक धोकाही सांगितला पाहिजे. ‘तापमान < -5’ म्हणजे तापमान उणे पाचपेक्षा कमी आहे का, हा प्रश्न. पण मधली जागा न सोडता ‘तापमान<-5’ असे लिहिले की तापमानाला 5 ही किंमत दिली जाते. हीच चूक ‘इफ’च्या कंसात झाली, तर 5 ही शून्येतर संख्या खरी मानली जाऊन ती अट नेहमीच पूर्ण होते, आणि कार्यक्रम बिनतक्रार चालत राहतो. चिन्हांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडण्याचा नियम केवळ टापटिपीसाठी नाही.

प्रश्न: ‘1:न-1’ असे लिहिल्यावर मला 1 पासून न-1 पर्यंतचे आकडे हवे होते, पण यादी शून्यापासून सुरू होते. तसेच ‘-2^2’ चे उत्तर एक्सेलमध्ये 4 आणि आरमध्ये -4 येते. कोण चुकते आहे? (शाळेतील गणिताचे शिक्षक, बीड)

उत्तर: कोणीच चुकत नाही, चिन्हांचा अग्रक्रम वेगवेगळा ठरवलेला आहे. आरमध्ये घात सर्वांत आधी, त्यानंतर संख्येला लागलेले ऋणचिन्ह, त्यानंतर कोलन, मग टक्क्यांच्या चिन्हांत बसवलेले ऑपरेटर, त्यानंतर गुणाकार-भागाकार आणि शेवटी बेरीज-वजाबाकी असा क्रम आहे. म्हणून ‘-2^2’ मध्ये आधी 2 चा वर्ग होतो आणि मग त्याला ऋणचिन्ह लागते. आपण फळ्यावर जसे शिकवता तसेच हे आहे. एक्सेल ऋणचिन्हाला आधी मान देते आणि -2 चा वर्ग काढते.

कोलनचा मान वजाबाकीपेक्षा वरचा असल्यामुळे ‘1:न-1’ चा अर्थ ‘आधी 1 ते न ही यादी करा, मग तिच्यातील प्रत्येक आकड्यातून 1 वजा करा’ असा होतो. न ची किंमत 5 असेल तर 0, 1, 2, 3, 4 हे आकडे मिळतात. आपल्याला हवे ते ‘1:(न-1)’ असे लिहून मिळेल. ही चूक अनेकदा लपून राहते, कारण यादीतील घटक निवडताना आर शून्य हा क्रमांक गुपचूप वगळते आणि उत्तर योगायोगाने बरोबर येते; लूपमध्ये, म्हणजे तीच आज्ञा यादीतील प्रत्येक आकड्यासाठी पुन्हा चालवताना, तीच यादी दिली की मग एक फेरी जास्त होते. याच कुळातली आणखी एक अडचण अशी की यादी रिकामी असताना ‘1:लेन्थ(यादी)’ लिहिले, तर 1 आणि 0 असे दोन आकडे मिळतात आणि जिथे एकही फेरी व्हायला नको तिथे दोन होतात. त्यासाठी ‘सीक अलाँग’ हे फंक्शन आहे, तेच वापरावे.

टक्क्यांच्या चिन्हांविषयी आपण विचारलेले नाही, पण विद्यार्थी हमखास विचारतील. ‘%%’ म्हणजे भागाकारातील बाकी आणि ‘%/%’ म्हणजे पूर्ण भागाकार. शेकडेवारीशी त्यांचा संबंध नाही. बाकीचे चिन्ह भाजकाप्रमाणे ठरते, त्यामुळे ‘-7 %% 3’ चे उत्तर 2 आहे. सी भाषेत हेच उत्तर -1 येते. शिवाय त्यांचा मान गुणाकाराच्या वर असल्याने ‘5 * 7 %% 4’ चे उत्तर 15 येते, तर सी किंवा पायथनमध्ये ते 3 येते. दुसऱ्या भाषेतून सूत्र उतरवून घेताना इथे कंस घालणे श्रेयस्कर.

प्रश्न: आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीतून पुणे आणि नाशिक या दोन जिल्ह्यांतील 60 वर्षांवरील व्यक्ती वेगळ्या काढायच्या होत्या. ‘जिल्हा ==’ च्या पुढे दोन्ही नावांची यादी दिली, तर निम्म्याच नोंदी मिळाल्या. ‘&&’ वापरल्यावर तर कार्यक्रम थांबलाच. (सामाजिक संस्थेतील कार्यकर्ता, पुणे)

उत्तर: आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली अधिक घातक आहे, कारण ती थांबत नाही.

आरमधील ऑपरेटर एकेका संख्येवर चालत नाहीत, संपूर्ण यादीवर चालतात. दोन याद्यांची लांबी वेगळी असेल, तर आखूड यादी पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून वापरली जाते. त्यामुळे आपण दोन नावांची यादी दिली तेव्हा आरने पहिली नोंद पुण्याशी, दुसरी नाशिकशी, तिसरी पुन्हा पुण्याशी अशी आळीपाळीने ताडून पाहिली. पुण्यातील व्यक्ती सम क्रमांकावर असेल तर ती गळाली. एकूण नोंदी विषम संख्येत असत्या तर लांबी पटीत नसल्याची सूचना तरी आली असती. सम असल्यावर तीही येत नाही. आपल्याला हवे ते ‘%in%’ या ऑपरेटरने मिळते, जो डावीकडची प्रत्येक किंमत उजवीकडच्या यादीत कुठेही आहे का हे पाहतो. या ऑपरेटरच्या मधल्या शब्दापुरती रोमन अक्षरे टाळता येत नाहीत, कारण तो चिन्हाचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट ‘&’ आणि ‘&&’ यांतील भेदाची. एक ‘&’ दोन्ही अटी नोंदीगणिक तपासतो आणि नोंदी असतील तितकी उत्तरे देतो, म्हणून निवड करताना तोच हवा. जोडचिन्ह ‘&&’ हे एकाच होय-नाही निर्णयासाठी, म्हणजे ‘इफ’च्या अटीसाठी आहे; डावी अट खोटी ठरली तर ते उजवीकडे पाहतही नाही. पूर्वी ‘&&’ ला लांब यादी दिली तर ते फक्त पहिला घटक पाहून मुकाट्याने उत्तर देत असे. 2023 च्या 4.3.0 या आवृत्तीपासून आर अशा वेळी चूक दाखवून थांबते. आपला कार्यक्रम थांबला हे त्यामुळे चांगलेच झाले. जुन्या आवृत्तीवर आपल्याला चुकीचे निष्कर्ष मिळाले असते आणि शंकाही आली नसती. ‘|’ आणि ‘||’ या जोडीलाही हाच नियम लागू आहे.

सर्वेक्षणात वय न नोंदवलेल्या व्यक्ती असणारच. अशी गहाळ किंमत आर ‘एनए’ या खुणेने ठेवते, आणि तिच्याशी केलेल्या तुलनेचे उत्तरही एनए येते; एनए आणि एनए यांची ‘==’ ने तुलना केली तरी उत्तर ‘खरे’ येत नाही, कारण दोन अज्ञात वये सारखी आहेत असे म्हणायला आधार नसतो. मात्र ‘एनए & खोटे’ याचे उत्तर ‘खोटे’ असे ठाम येते, कारण अज्ञात किंमत काहीही निघाली तरी निकाल बदलणार नाही. गहाळ नोंदी शोधायच्या असतील तर तुलना न करता ‘इज डॉट एनए’ हे फंक्शन वापरावे. चौकटी कंसात अट देऊन निवड केली तर एनए आलेल्या ठिकाणी पूर्ण रिकाम्या ओळी निकालात घुसतात. निवडीनंतर नोंदींची संख्या एकदा मोजून पाहण्याची सवय असावी.

प्रश्न: मी कृषी विषयात पदव्युत्तर संशोधन करते. ‘उतारा ~ खत * पाणी’ यातील ‘~’ आणि ‘*’ यांचा अर्थ मला कोणी नीट सांगितला नाही. खताला पाण्याने गुणायचे म्हणजे काय? पावसाचा वर्ग घेऊन ‘उतारा ~ पाऊस + पाऊस^2’ असे लिहिले तर वर्गाचे पद निकालात दिसतच नाही. (विद्यार्थिनी, अकोला)

उत्तर: या पत्राला थोडे सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण इथे चिन्हे तीच राहून त्यांचे अर्थ पूर्णपणे बदलतात.

‘~’ या चिन्हाला टिल्ड म्हणतात. त्याच्या डावीकडे ज्याचे स्पष्टीकरण करायचे ते चल आणि उजवीकडे ज्यांच्या आधारे करायचे ती चले असतात. टिल्ड दिसताच आर आकडेमोड थांबवते. दोन्ही बाजूंचा मजकूर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढे रिग्रेशन किंवा प्रचरण-विश्लेषण करणारे फंक्शन तो आपल्या नियमांनी वाचते. या नियमांत अधिकचे चिन्ह म्हणजे बेरीज नाही, तर ‘हे पदही प्रारूपात (चलांमधील संबंधाच्या गणिती मांडणीत) घ्या’ अशी सूचना आहे. कोलन म्हणजे आकड्यांची यादी नाही, तर दोन घटकांची आंतरक्रिया. आणि ‘खत * पाणी’ हा ‘खत + पाणी + खत:पाणी’ याचा संक्षेप आहे, म्हणजे खताचा स्वतःचा परिणाम, पाण्याचा स्वतःचा परिणाम, आणि पाणी भरपूर असताना खताचा परिणाम कोरडवाहूपेक्षा वेगळा होतो का, हे तिसरे पद. आपल्या प्रयोगाचा खरा प्रश्न बहुधा या तिसऱ्या पदातच असेल.

आता वर्गाविषयी. या लेखनात घाताचे चिन्ह आंतरक्रियांची मर्यादा सांगते: ‘(खत + पाणी + वाण)^2’ म्हणजे तिन्ही घटक आणि त्यांच्या दोन-दोनच्या सर्व आंतरक्रिया, पण तिघांची एकत्रित आंतरक्रिया नाही. ‘पाऊस^2’ मध्ये एकच घटक आहे आणि घटकाची स्वतःशी आंतरक्रिया म्हणजे तो घटकच, म्हणून आरने ते पद पुन्हा ‘पाऊस’ असेच वाचले आणि दोनदा आलेले पद एकदाच धरले. खरा अंकगणिती वर्ग हवा असेल तर तो मोठ्या ‘आय’ या एकाक्षरी फंक्शनच्या कंसात लिहावा: ‘उतारा ~ पाऊस + आय(पाऊस^2)’. या कंसाच्या आत चिन्हांना त्यांचे नेहमीचे अर्थ परत मिळतात. हाच उपाय वजाबाकीलाही लागतो, कारण ‘उतारा ~ पाऊस - 1’ मध्ये पावसातून एक वजा होत नाही, तर प्रारूपातील स्थिरपद काढून टाकले जाते. उजवीकडे नुसते टिंब दिले, तर तक्त्यातील उरलेली सर्व चले असा अर्थ होतो. तिरपी रेघ भागाकार करत नाही. ‘शेत/वाफा’ म्हणजे शेत, आणि प्रत्येक शेताच्या पोटातील वाफा.

ही लिपी आपल्याच विषयातून आलेली आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1919 पासून रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगांच्या आखणीचे आणि प्रचरण-विश्लेषणाचे काम उभे केले. त्याच केंद्रात पुढे जॉन नेल्डर यांच्या पुढाकाराने जेनस्टॅट ही संगणक प्रणाली तयार झाली आणि प्रारूपे चिन्हांत लिहिण्याची ही पद्धत विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी 1973 च्या शोधनिबंधात मांडली. त्यांच्या लेखनात आंतरक्रियेसाठी टिंब होते; 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एस भाषेने ही पद्धत स्वीकारली तेव्हा तिथे कोलन आला. म्हणजे खताचे वाफे आणि वाणांच्या ओळी डोळ्यांसमोर ठेवून हे नियम घडले आहेत, आणि अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपेक्षा ते आपल्याला लवकर उमगायला हवेत.

एक खबरदारी. खताच्या पातळ्या आपण 1, 2, 3 अशा आकड्यांनी नोंदवल्या असतील, तर आर त्यांना मोजमाप समजून एक सरळ रेषा बसवेल. त्या ‘फॅक्टर’, म्हणजे मोजमाप नव्हे तर नुसते गट, करून घेतल्याखेरीज वरील कोणत्याही चिन्हाचा आपल्याला अपेक्षित असलेला अर्थ लागणार नाही.

प्रश्न: ‘[ ]’, ‘[[ ]]’ आणि ‘$’ यांपैकी केव्हा काय वापरावे? (बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर: एकेरी चौकटी कंस ज्यातून घटक काढाल त्याच प्रकारची वस्तू परत देतो: लिस्टमधून काढलेला भाग लिस्टच राहतो. दुहेरी चौकटी कंस वेष्टन काढून आतला एकच घटक हातात ठेवतो. ‘$’ हा दुहेरी कंसाचाच नावाने मागण्याचा सोपा प्रकार आहे, पण त्याच्या पुढचे नाव अक्षरशः घेतले जाते. स्तंभाचे नाव एखाद्या चलात साठवलेले असेल तर ‘$’ चालत नाही, दुहेरी कंसच लागतो. शिवाय ‘$’ अर्धवट नावही चालवून घेतो, त्यामुळे ‘तक्ता$खा’ लिहिले आणि तसा स्तंभ नसेल, पण ‘खाते’ हा एकच जुळणारा स्तंभ असेल, तर तो परत मिळतो. तपासणीच्या कामात मला हा उदारपणा नको वाटतो. आपण पायथनही वापरता असे पत्रात लिहिले आहे, म्हणून एवढे लक्षात असू द्यावे की आरमध्ये मोजणी 1 पासून सुरू होते आणि ‘यादी[-1]’ म्हणजे शेवटचा घटक नव्हे, तर पहिला सोडून उरलेले सगळे.

प्रश्न: ‘%>%’ आणि ‘|>’ ही एकच गोष्ट आहे का? आणि ‘+’ हे चिन्ह कधी कधी मी न लिहिताच पडद्यावर कसे येते? अशा चिन्हांची माहिती शोधायची तरी कशी? शोधयंत्रात टाकली तर काहीच सापडत नाही. (नव्याने आर शिकणारे निवृत्त अभियंता, पणजी)

उत्तर: दोन्ही चिन्हे डावीकडचा निकाल उजवीकडच्या फंक्शनला पहिली माहिती म्हणून पुरवतात. ‘%>%’ हे 2014 मध्ये आलेल्या मॅग्रिटर या पॅकेजचे, म्हणजे आरला वेगळ्याने जोडायच्या फंक्शनांच्या संचाचे, आहे. त्या पॅकेजचे नाव रने माग्रित या बेल्जियन चित्रकाराच्या नावावर बेतलेले आहे. ‘|>’ हे आरच्या गाभ्यात 2021 च्या 4.1.0 या आवृत्तीपासून आले आणि त्यासाठी कोणतेही पॅकेज लागत नाही. नव्याने शिकणाऱ्याने ‘|>’ च धरावे असे मी सुचवीन. त्याच्या उजवीकडे फंक्शनचे नुसते नाव चालत नाही, कंसही द्यावे लागतात. आणि माहिती पहिल्या जागेऐवजी दुसरीकडे पोहोचवायची असेल तर 4.2.0 पासून त्या जागेचे नाव लिहून तिथे अधोरेखा ठेवता येते, जिथे मॅग्रिटरमध्ये टिंब चालते.

पडद्यावर आपोआप येणारे ‘+’ हे ऑपरेटर नाही. आपले वाक्य अपुरे आहे, बहुधा एखादा कंस किंवा अवतरणचिन्ह मिटवायचे राहिले आहे, आणि आर पुढच्या ओळीची वाट पाहत आहे, एवढाच त्याचा अर्थ. आरस्टुडिओत, म्हणजे आर लिहिण्या-चालवण्याच्या प्रचलित प्रोग्रॅममध्ये, एस्केप ही कळ दाबली की त्यातून सुटका होते. याच कारणाने ‘|>’ किंवा आलेखाच्या आज्ञांमधील ‘+’ ओळीच्या शेवटी लिहावे, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नाही. तसे न केल्यास पहिली ओळ पूर्ण झाली असे समजून आर ती लगेच चालवून टाकते. लेखातून किंवा व्हॉट्सॲपवरून नकललेल्या आज्ञांतील वळणदार अवतरणचिन्हे आणि ओळीच्या आरंभीचे ‘>’ हे चिन्ह मात्र काढून टाकावे लागते. पहिल्याला आर ओळखत नाही आणि दुसरे हे आज्ञेचा भाग नसून पडद्यावरची खूण आहे. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू असेल तर ‘$’, ‘%’, ‘^’, ‘&’ यांच्या कळांवर जोडाक्षरे आणि रफार येतात, तेव्हा आज्ञा लिहिताना इंग्रजी कळफलकावर जावे.

माहिती शोधण्याची सोय आरमध्येच आहे. प्रश्नचिन्हाच्या पुढे ऑपरेटर बॅकटिकमध्ये, म्हणजे एक या आकड्याच्या डावीकडच्या कळीवरील उलट्या टिचकीत, लिहावा: ?`%%` किंवा ?`[[`. बॅकटिक न दिल्यास आर ते चिन्ह चालवायला जाते आणि गोंधळते. बॅकटिकने नाव म्हणून उल्लेख करता येतो, कारण आरमधील जवळपास प्रत्येक ऑपरेटर हे एक फंक्शनच आहे; `+`(2, 3) असे लिहिले तरी 5 हेच उत्तर येते, आणि स्वतःचा ऑपरेटर बनवायचा असेल तर त्याचे नाव दोन टक्क्यांच्या चिन्हांत बसवून नेहमीच्या फंक्शनसारखी त्याची व्याख्या करता येते. सर्व चिन्हांचा अग्रक्रम एकाच पानावर पाहायचा असल्यास प्रश्नचिन्हापुढे ‘सिंटॅक्स’ हा शब्द रोमन लिपीत, पहिले अक्षर मोठे ठेवून लिहावा.